हलतंय तेवढंच बोला

नोकरीची बहुतेक सगळी वर्षं मी मोटारीत डाव्या बाजूला बसून काढली. भिवंडीतल्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये मी गाडी शिकवायचो. लोक मला मास्तर म्हणायचे. फळा, खडू, घंटा यांतलं आमच्याकडे काही नव्हतं. छपरावर पिवळी पाटी असलेली एक छोटी पांढरी गाडी, एवढीच शाळा.

गाडी शिकवणारा माणूस फार सावध आणि एकचित्त असणार, असं सगळ्यांना वाटतं. माझ्या बायकोला हे कोणी सांगितलं की ती पदर तोंडाला लावून आत जाते. माझं लक्ष कधीच एका जागी बसलेलं नाही. आमचं गाव तालुक्याच्या आतल्या बाजूला. भातलावणीत मी बगळे बघत राहायचो आणि माझी ओळ सगळ्यांच्या मागून संपायची. पुढे मामाने भिवंडीत निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लावलं. लूमवरचं काम म्हणजे उभं राहून धाग्याकडे बघायचं. धागा तुटला की लूम थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. बघितलं नाही तर लूम थांबत नाही. तो आपला विणत राहतो आणि कापडात लांबच लांब फट पडते. छपराच्या कैचीवर कबुतरं होती, समोरच्या गल्लीत रोज कोणाची तरी भांडणं होती, त्यामुळे माझ्या कापडात फटीच जास्त असायच्या. तू कापड विणतोस का मासे धरायचं जाळं, असं मामाने विचारलं आणि मला घरी पाठवलं.

मग मी गाडी शिकलो, काही दिवस टेम्पो चालवला आणि तिथूनही मालकाने घरी पाठवलं. शेवटी शकीलशेठनी मला त्यांच्या शाळेत घेतलं, आणि तिथे मात्र माझं जमलं. कारण डाव्या सीटवरच्या माणसाचं कामच वेगळं. त्याच्या पायाखाली दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की तो दाबायचा. त्यासाठी रस्ता बघायचा, आरसा बघायचा, शिकणाऱ्याचे पाय, हात, चेहरा बघायचा, फुटपाथवरची बकरी, मागचा ट्रक, दुकानातून उलटा चालत बाहेर येणारा हमाल, हे सगळं एकाच वेळी बघायचं. एकाच ठिकाणी नजर लावून बसणारा माणूस त्या सीटवर टिकत नाही. ज्या दोषापायी मला दोन ठिकाणांहून घरी पाठवलं, त्याचाच तिसऱ्या ठिकाणी पगार मिळू लागला. आणि काम काय, तर दुसऱ्यांना सांगायचं : समोर लक्ष ठेवा.

भिवंडीत समोर लक्ष ठेवणं सोपं नाही. ज्यांनी ते गाव बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंनी लूमचा आवाज, मध्ये रिक्षा, हातगाड्या, तागे भरलेले टेम्पो, आणि त्या टेम्पोच्या मागून हातभर बाहेर आलेले, सूत गुंडाळायचे लोखंडी बीम. प्रत्येक शिकणाऱ्याचं लक्ष जायची जागा वेगळी. एक कापडदलाल यायचे. त्यांचा मोबाइल वाजला की ते स्टिअरिंग सोडून खिशात हात घालायचे. मी फोन काढून माझ्या मांडीवर ठेवला, तर त्यांची नजर मांडीवर. शेवटी फोन मीच घ्यायला लागलो. शेठ गाडी चला रहे हैं, असं मी सांगायचो. पलीकडचा माणूस काळजीने विचारायचा, अकेले? एका उर्दू शाळेच्या बाई होत्या, हात फार छान होता त्यांचा. पण ते दिवस लोडशेडिंगचे. वीज गेली की सगळ्या गल्लीतले लूम एका क्षणात बंद पडायचे आणि अचानक अशी शांतता व्हायची की बाईंना वाटायचं आपलीच गाडी बंद पडली. त्या चालत्या गाडीत चावी फिरवायच्या. वीज कधी जाते त्याचं वेळापत्रक मी आमच्या शाळेत आणून चिकटवलं, ते त्यांच्यासाठी.

अशा वेळी मी एकच उपाय करायचो. बोलणं बंद. गाडीत बसलं की तोंड मिटायचं, हा आमच्या शाळेचा नियम होता आणि तो मीच केला होता. तोंड बंद तर मन जाग्यावर, असं मी ठामपणे सांगायचो. कशाच्या आधारावर, ते मला कोणी विचारलं नाही.

काशिनाथदादा आले तेव्हा तो नियम चांगला जुना झाला होता.

पूर्णा गावचे आगरी गृहस्थ. साठीला टेकलेले, पांढरा शर्ट, गळ्यातली सोन्याची चेन शर्टाच्या आत ढकललेली. त्या वर्षांत पूर्णा, राहनाळ, काल्हेर या सगळ्या पट्ट्यात गोडाऊन उभी राहत होती आणि भाताची खाचरं भराव घालून सपाट होत होती. दादांचीही जमीन गेली होती. तिच्या बदल्यात घर बांधून झालं होतं आणि दारात सात माणसांची मोठी गाडी उभी होती. ती गाडी त्यांचा मुलगा प्रशांत चालवायचा. दादांनी आयुष्यात बैलगाडी हाकली होती आणि खाडीत होडी चालवली होती. सायकलही धड येत नव्हती.

"मना गारी शिकायची हाय," ते म्हणाले. त्यांच्या बोलीत गाडीची गारी होते. "आमची हाय तीच. ठाण्याला जाता आला म्हंजे झाला."

ठाण्यालाच का, ते त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. चार-पाच धडे झाल्यावर हळूहळू समजलं. त्यांच्या बायकोच्या, हिरावहिनींच्या, किडन्या काम करत नव्हत्या. आठवड्यातून दोनदा ठाण्याच्या एका दवाखान्यात नेऊन त्यांचं रक्त मशीनवर शुद्ध करून आणावं लागे. प्रशांत नेत असे. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्याकडे दोन मोबाइल होते आणि जमिनीच्या व्यवहारातली माणसं त्याला दोन्हींवर फोन करत. एकदा त्याने आईला दवाखान्यात सोडलं, कोणाला तरी जागा दाखवायला गेला, आणि विसरला. आई मशीनवरून उतरून दारातल्या बाकड्यावर दिवे लागेपर्यंत बसून राहिली. तिच्याकडे फोन नव्हता आणि अनोळखी माणसाकडे मागायची तिला लाज वाटली. घरी आल्यावर मुलगा फार रडला, असं दादा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले.

आता ज्यांच्या मुलाचं लक्ष नव्हतं म्हणून जे गाडी शिकायला आले, त्यांचं स्वतःचं लक्ष कसं असेल, असं मला वाटलं होतं. ते मुलापेक्षा वाईट निघालं.

दादांना मोबाइलचं वेड नव्हतं, बायकांकडे बघायची सवय नव्हती, गाणी नको होती. त्यांचं लक्ष जायचं ते जमिनीवर. अंजूरफाट्यावरून गाडी राहनाळकडे वळली की त्यांची मान डावीकडे वळायची. हा निळा पत्रा आहे तिथे तुकारामची चार खाचरं होती. हे गेट आहे तिथून आमची वाट होती. इथे बांधावर जांभूळ होतं. हे सगळं ते बोलायचे, मी त्यांना गप्प करायचो, मग ते गप्प राहून तिकडे बघायचे. गाडी त्यांच्या नजरेमागे जायची. गाडीचा तो स्वभावच आहे, चालवणारा बघेल तिकडे ती जाते. मी डाव्या हाताने दाराची कडी धरून उजव्या हाताने स्टिअरिंग सरळ करत असायचो.

एका सकाळी त्यांनी भर रस्त्यात गाडी थांबवली. हळू केली नाही, कडेला घेतली नाही, थांबवली. मागे माल भरलेला ट्रक होता. तो कसा थांबला ते त्या ड्रायव्हरलाच माहीत. तो खाली उतरून आमच्या खिडकीशी आला आणि त्याने हिंदीत जे काही सांगितलं ते दिवाळी अंकात लिहिता येणार नाही. दादा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते एका कुंपणाच्या आत बघत होते.

"विहीर बुजवली," ते मला म्हणाले. "काल होती."

मी शाळेत येऊन शकीलशेठना सांगितलं की या माणसाला शिकवणं माझ्याच्याने होणार नाही. शेठनी दोन-तीनदा मागच्या सीटवर बसून बघितलं होतं. ते म्हणाले, "मास्टर, ये आदमी गाडी नहीं चला रहा, जमीन की मोजणी कर रहा है."

तरी मी बरेच उपाय करून पाहिले. भल्या पहाटे रस्ते मोकळे असताना नेलं, तर पहाटेच्या उजेडात शेतं जास्त स्पष्ट दिसतात, म्हणजे जिथे ती होती त्या जागा. मग विचार केला, जिथलं यांना काही माहीत नाही अशा रस्त्याने नेऊ. म्हणून त्यांना आमच्या बाजूला, आतल्या गावांकडे नेलं. तिकडे अजून भात उभं होतं. ओळखीचं काही नाही म्हणून त्यांचं लक्ष जाणार नाही अशी माझी कल्पना. झालं उलटं. ही जात कुठली, दाणा भरलाय का, पाणी कुठून घेतात, हे कोणाचं, विकणार आहेत का, असा त्यांचा प्रश्नांचा पाऊस. आणि खरं सांगायचं तर मीही तिकडचाच, मला सगळं माहीत होतं. उत्तरं देता देता एका वळणावर आम्ही दोघेही शेताकडे बघत होतो. गाडी गवतात उतरली आणि एका म्हशीच्या पुढ्यात थांबली. म्हैस तेवढी रस्त्याकडे बघत होती.

त्यानंतर एके दिवशी हिरावहिनी बरोबर आल्या. दवाखान्याचा दिवस नव्हता. सहज बसते मागे, म्हणाल्या. अंगाने बारीक झालेल्या, पायांवर सूज, डाव्या हाताला सुयांच्या जागी पट्टी. मला आधी अवघड वाटलं. बायको मागे बसली की नवरे हमखास बिघडतात, हा माझा अनुभव होता. त्या दिवशी दादा गप्प होते, कारण मी त्यांना सक्त ताकीद दिली होती. राहनाळच्या पुढे गेल्यावर त्यांचे डोळे पुढे होते पण पाय चुकीच्या वेळी चुकीचं काही तरी दाबत होते. मी ब्रेक मारला, रागावलो, गाडी कडेला घ्यायला लावली. दादा खाली उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

वहिनी मागून हळू आवाजात बोलल्या. "त्यांना गप नका बसवू, मास्तर. गप बसले का ते गारीत नसतात."

मी मागे वळून बघितलं.

त्या म्हणाल्या की लग्न झाल्यावर त्या पहिल्यांदा त्यांच्या होडीत बसल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, नवरा जरा वेडा आहे. होडी चालवताना तो सारखा बोलत होता. डावीकडे गाळ, पुढे खुंट्या, समोरून होडी येते, भरती लागली. कोणाशी नाही, नुसता बोलत होता. पुढे त्यांना समजलं की त्याच्या बापाने त्याला तसंच शिकवलं होतं. पोराचं लक्ष उडतं म्हणून बापाने सांगितलेलं, जे दिसेल ते तोंडाने बोल, म्हणजे डोळा तिथेच राहील. इतकी वर्षं खाडीत जाऊन त्यांची होडी कधी कशाला आपटली नाही. "तुमी त्यांचा तोंड मिटलात," वहिनी म्हणाल्या, "मंग ते मनातले मनात बोलत बसतात. आन् मनात त्यांचे दुसराच काय तरी चाललेला असतो."

इतकी वर्षं मी माणसांची तोंडं बंद करत होतो. त्यांतली किती माणसं माझ्या शेजारी बसून गाडीत नव्हती, कोण जाणे. शाळेच्या बाईंना मी गप्प बसवलं नसतं तर कदाचित त्यांना ते वेळापत्रकही लागलं नसतं. आता विचारायला त्या कुठे भेटणार.

दादा परत येऊन बसले. मी म्हटलं, दादा, आजपासून बोलायचं. पण जमिनीचं नाही. रस्त्यावर जे दिसेल ते बोलायचं. त्यांना पटेना. मास्तर माझी मस्करी करतोय असं त्यांना वाटलं. मग मी जरा समजावून सांगितलं की रस्त्यावर हजार गोष्टी असतात, सगळ्या बोलत बसलात तर तोंड पुरणार नाही. "जे हलतंय तेवढंच बोला. रिक्षा, माणूस, कुत्रा, ट्रक. जमीन हलत नाही, ती सोडून द्यायची."

दादांनी माझ्याकडे बघितलं. "जमीन हलत न्हाय?" ते म्हणाले. "मास्तर, आमची तं सगळी हलली."

वहिनी मागे हसल्या. मीही हसलो. दादांनी गाडी चालू केली.

सुरुवातीला ते लाजत होते. हळूच म्हणायचे, रिक्षा. मग, बाई. मग, बाई रस्ता ओलांडते, न्हाय, थांबली. आठवड्याभरात त्यांना रंग चढला. त्यांच्या आवाजात होडीतला माणूस आला. "टेंपो डावीकर, बीम बाहेर हायेत, लांब राहतंय. पोरगा सायकलवर, यो पडल. फुडं बस. बस थांबते. बसचे मागून कोन तरी येल... आला." खरोखर बसच्या मागून कोणी तरी आलं आणि दादांनी त्याच्या आधीच ब्रेकवर पाय ठेवलेला होता. माझा पाय माझ्या ब्रेकवर उगाच तयारीत राहायचा. डाव्या बाजूला गोडाऊन तशीच होती, निळे पत्रे तसेच होते. ते मधूनच तिकडे बघायचे, पण तिकडे काही हलत नसे, म्हणून बोलायला काही सापडत नसे, आणि नजर परत पुढे यायची. पाण्याचा मात्र घोटाळा झाला. कशेळीच्या पुलावर ते बाजूला बघून म्हणाले, पाणी. मी म्हटलं ते सोडा. ते म्हणाले, हलतंय ना. हलतंय पण पुलाखालून हलतंय, ते आपल्या वाटेत येत नाही, असं मी सांगितलं. हे मात्र त्यांना पटलं नाही. पण त्यांनी मान पुढे केली.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षा म्हणजे आरटीओचे साहेब शेजारी बसतात, शिकाऊ माणूस गाडी चालवतो आणि मास्तर मागे. माझ्यासारख्याला मागच्या सीटवर बसणं ही शिक्षाच, पायाखाली काही नाही. साहेब तरुण होते, नवीनच बदलून आलेले. दादांनी गाडी चालू केली आणि बोलायला लागले. रिक्षा, म्हातारा, कुत्रा. साहेबांनी थोडा वेळ ऐकलं आणि मग म्हणाले, ही बडबड बंद करा, समोर लक्ष द्या.

मागून मी बोलणार होतो. पण परीक्षेत मास्तरने बोलायचं नसतं. दादांनी तोंड मिटलं. थोडं अंतर गाडी सरळ गेली, आणि मला त्यांच्या मानेवरून समजलं की ते आता गाडीत नाहीत. एका गोडाऊनच्या गेटाशी गाडी हळूहळू मंद होत थांबली.

का थांबलात, साहेबांनी विचारलं. समोर काहीच नव्हतं.

दादा खोटं बोलणारे नव्हते. "हितं चिंचेचा झार होता," ते म्हणाले.

साहेबांनी नापास केलं. त्यात त्यांची काही चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. चिंचेच्या झाडासाठी थांबायचं, असा नियम कुठल्या पुस्तकात नाही.

संध्याकाळी प्रशांत शाळेत आला. दोन्ही फोन हातात. तो माझ्याशी फार नम्रपणे बोलला. बाबांना या वयात हे कशाला, म्हणाला, मीच नेईन आईला, आता नाही विसरणार. आणि त्यांना लायसनच हवं असेल तर त्याच्या ओळखीत माणसं होती, लायसन घरी आलं असतं. मी म्हटलं, ते तू त्यांनाच सांग. दादा बाहेरच्या बाकावर बसले होते, त्यांनी ऐकलं होतं.

"लायसन घरी येल," ते म्हणाले. "गारी कोन चालवील?"

प्रशांत म्हणाला, "बाबा, मी आहे ना."

दादा त्याला रागावले नाहीत. "तू हायेस रे," ते म्हणाले. तेवढ्यात प्रशांतचा एक फोन वाजला. त्याने बघितला, वडलांकडे बघितलं, आणि तो घेतला नाही. मग दुसरा वाजला. तो घेत तो जरा बाजूला गेला. दादांनी मला विचारलं, दुसरी परीक्षा कवा?

दुसऱ्या परीक्षेच्या आधी माझ्यापुढे प्रश्न होता की यांचं बोलणं काढून तर घ्यायचं नाही, पण ऐकूही येऊ द्यायचं नाही. आम्ही आवाज कमी करत गेलो. आधी कुजबुज. मग नुसते ओठ. शेवटी इतकं जमलं की शेजारी बसून मला काही ऐकू येत नसे, फक्त दादांची मिशी हलत असे, आणि ती जितकी जोरात हलेल तितकी रस्त्यावर गर्दी आहे असं समजायचं. शकीलशेठनी एकदा खिडकीतून बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, ये क्या पढ़ रहे हैं? मी म्हटलं, ट्राफिक.

या वेळचे साहेब वयस्कर होते. कपाळाला गंध, बोटात खड्याच्या अंगठ्या. ते दादांशेजारी बसले, मी मागे. दादांनी आरसा बघितला, पट्टा लावला आणि गाडी काढली. त्यांचे ओठ हलू लागले. बाजाराचा दिवस होता, मिशी थांबायला तयार नव्हती. हातगाडी, दोन बायका, रिक्षा उलटी येते, बकरी, बकरीचं पिल्लू. साहेब तिरक्या नजरेने बघत होते. वळणावर गाडी सुरेख वळली. चढावर थांबवायला सांगितलं तर मागे न घसरता थांबली, सुटली. साहेबांनी कागदावर काही लिहिलं, आणि गाडी थांबल्यावर दादांकडे वळून अतिशय आदराने म्हणाले, "नामस्मरण करता वाटतं."

दादा गोंधळले. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. ते खोटं बोलणारे नव्हते हे मी आधी लिहिलंच आहे, आणि त्या क्षणी मला त्याचीच भीती वाटली. मी खोकलो.

"जे दिसल त्याचा नाव घेतंय," दादा म्हणाले.

साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. सगळ्यांत तोच भरलेला आहे, म्हणाले. इतकं चित्त ठिकाणावर असलेला शिकाऊ त्यांनी बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. दादा पास झाले.

पुढचं थोडक्यात सांगतो. हिरावहिनी त्यानंतर काही वर्षं त्या रस्त्याने जात राहिल्या, जायची गरज होती तोवर. दादाच नेत. प्रशांतने एक फोन बंद केला असं मी ऐकलं होतं, मग तिसरा घेतला असंही ऐकलं. माझ्या गाडीत बोलायची बंदी उठली आणि त्यामुळे माझ्याकडचे शिकाऊ जास्त पास झाले का, तर तसं काही नाही. काही जण बोलून जास्त बिघडले. कापडदलालांसारख्या माणसाला बोलायची परवानगी देणं हा काय प्रकार असतो, ते मी एकदाच करून बघितलं. एका माणसाचं औषध दुसऱ्याला लागतंच असं नाही, हे समजायला मला निवृत्तीपर्यंतचा वेळ लागला.

पण मला सांगायचाय तो लायसन मिळाल्यानंतरचा पहिला दवाखान्याचा दिवस. दादांनी मला बरोबर यायला सांगितलं होतं. मोठी गाडी, त्यांची स्वतःची. मी सवयीने डावीकडे बसलो आणि पाय पुढे केले, तर खाली नुसती चटई. दुसरा क्लच नाही, ब्रेक नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच खरा प्रवासी झालो होतो.

वहिनी मागे बसल्या. दारावरचा पट्टा त्यांनी हातात घट्ट धरला. मुलाबरोबर जाताना त्यांना तो धरायची सवय लागली होती, दादांनी मला नंतर सांगितलं. मशीनच्या आदल्या रात्री त्यांना झोप येत नसे, श्वास लागे, आणि रस्त्यात गचके बसत म्हणून गाडीतही डोळा लागत नसे. निघालो. दादा मोठ्याने बोलत होते, आता कोणी मनाई करणारं नव्हतं. काल्हेरपर्यंत ट्रकांची रांग होती. ट्रक, ट्रक, मोटरसायकल मधून घुसते, घुसू दे, जा बाबा. त्यांचा आवाज एका लयीत चालला होता. माझे पाय चटईवर अधूनमधून दाबले जात होते, उपयोग नसताना. पुलावर ते पाण्याकडे बघतील म्हणून मी सावरून बसलो. त्यांनी बघितलं, पण काही बोलले नाहीत. मी आरशात पाहिलं तर दारावरचा पट्टा मोकळाच झुलत होता. वहिनींचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड जरासं उघडं, आणि त्या गाढ झोपल्या होत्या.

मी दादांना खुणेने दाखवलं. त्यांनी आरशात एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला, अगदी परीक्षेतल्यासारखा. दवाखान्यापर्यंत मिशी हलत होती.

दवाखान्याच्या गेटात त्यांनी गाडी घेतली आणि थांबवली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, सगळं शिकवल्याप्रमाणे. मग ते मागे वळून बसले आणि झोपलेल्या वहिनींकडे बघत राहिले. गाडी बरोबर गेटाच्या मध्यावर होती. मागून एक रिक्षा आली, तिच्या मागे दोन गाड्या, आणि सगळ्यांनी हॉर्न द्यायला सुरुवात केली. वॉचमन शिट्टी वाजवत आला, काचेवर टकटक करू लागला. गाडी बाजूला घ्या काका, रस्ता अडलाय, तो म्हणत होता. रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून गाडी लावायच्या तऱ्हेवरून आम्हाला भिवंडीचे म्हणून ओळखलं आणि तसं बोलूनही दाखवलं.

काशिनाथदादांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. साधी विहीर बुजली तर ज्यांचं भान हरपायचं, ते एवढ्या गोंधळात मान न हलवता एका जागी बघत होते. इतकं एकाग्र मी कोणालाच कधी करू शकलो नव्हतो, आणि ते नेमके नको त्या जागी गाडी लावून बसले होते. मास्तर म्हणून त्यांना टोकणं माझं काम होतं.

मी दार उघडून हळूच खाली उतरलो. गेटाच्या एका बाजूला जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा होती. मी वॉचमनला थोडं थांब म्हटलं आणि मागच्या रिक्षाला हाताने खुणा करून तिथून आत काढू लागलो.